ओरत्तनाडुचं छत्र आणि खाशाबांचं तिकीट

आजचा भाग मी ओरत्तनाडुहून बोलतोय. तंजावरहून पट्टुकोट्टैचा रस्ता धरला की वीसेक किलोमीटरवर हे गाव लागतं. मागे बसचे हॉर्न ऐकू येतील, त्याला इलाज नाही. हेच पुस्तकात वाचणाऱ्यांची तेवढ्यातून सुटका आहे.

मागच्या महिन्यात अमेरिकेत राहणाऱ्या एका श्रोत्यानं मला विचारलं, "इथं कॉलेजचा फुटबॉल म्हणजे केवढं प्रस्थ! कॉलेजच्या संघाचा क्वार्टरबॅक म्हणजे सगळ्या गावाचा लाडका. आपल्याकडे कॉलेजातून वर आलेला असा जुना खेळाडू कोण?" प्रश्न चांगला होता. माझ्या तोंडून लगेच नाव आलं, खाशाबा जाधव. मग वाटलं, खाशाबांची गोष्ट सगळे पदकापासून सुरू करतात. आपण ती खुराकापासून सुरू करू. शिकणाऱ्या आणि खेळणाऱ्या पोराच्या जेवणाचा, प्रवासाचा खर्च कोण करतं? तो प्रश्न मनात धरला आणि मला कोल्हापूरच्या आधी ओरत्तनाडु आठवलं.

माझ्या मागे दिसतंय ते मुक्तांबाळ छत्र. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे, म्हणजे व्यंकोजीराजांच्या गादीवरचे, यांनी ते १८०२ च्या सुमारास उभं केलं. मुक्तांबाळ ही त्यांची प्रिय स्त्री. तिच्याशी विधिवत लग्न झालेलं नव्हतं. आपल्या नावानं एक अन्नछत्र असावं ही तिची शेवटची इच्छा होती, असं इथले लोक सांगतात. सबंध वास्तू रथासारखी रचलेली आहे. हत्ती-घोडे ती ओढत निघालेत, असं वाटावं. गावाच्या या भागाला मुक्तांबाळपुरम असं तिचंच नाव मिळालं. आपल्याकडे राण्यांच्या नावाचे घाट आणि देवळं पुष्कळ आहेत. राणी नसलेल्या बाईच्या नावानं एवढी मोठी धर्मादाय वास्तू मला दुसरीकडे फारशी दिसलेली नाही.

हा रामेश्वरच्या यात्रेचा रस्ता. काशीहून, महाराष्ट्रातून, आंध्रातून निघालेले यात्रेकरू इथून पुढे जायचे. तंजावरच्या राजांनी या वाटेवर छत्रांची माळच लावली होती. १७९९ मध्ये सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हवाली केला, पण ही छत्रं आपल्याकडे राहावीत म्हणून ते अडून बसले. १८०१ साली रेसिडेंट टोरिन यांना त्यांनी एक पत्र लिहिलं. छत्रात काय काय होतं, ते त्यात तपशिलानं सांगितलंय. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्यांपर्यंत येईल त्याला अन्न. ज्याला शिजवलेलं चालत नाही त्याला शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिलंय का म्हणून हाक मारायची. आजाऱ्याला वैद्य, लेकुरवाळीला दूध. आणि एखादा यात्रेकरू छत्रातच वारला, तर त्याच्या पोराला तिथंच वाढवायचं आणि शिकवायचं.

ओरत्तनाडुच्या छत्रात सरफोजींनी या शिकवण्याचा पसारा मोठा केला. इथं मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत अशा भाषांचे वर्ग भरत, इंग्रजीही होती. सरफोजी स्वतः श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली वाढलेले, त्यामुळे भूगोल, गणित, नव्या विद्या यांची त्यांना ओढ होती. पण मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू? फी नव्हती, आणि जेवण होतं. गरिबाच्या घरी पोर शाळेत जाणं म्हणजे शेतातले दोन हात कमी होणं आणि ताटात बसणारं तोंड मात्र तेवढंच राहणं. छत्रानं ते तोंड आपल्याकडे घेतलं. इथं कोणी पैलवान किंवा खेळाडू घडवायला बसलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. मी ओरत्तनाडु घेतलं ते पोराच्या पोटाची सोय आधी आणि विद्या मग, या क्रमासाठी.

आता आपल्या श्रोत्याच्या अमेरिकेत जाऊ, कारण तिथंही जेवू घालणारी एक शाळा होती आणि तिचा एक क्वार्टरबॅक होता. पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावात १८७९ मध्ये, लष्कराच्या जुन्या बराकींत, मूळ अमेरिकन जमातींच्या मुलांसाठी सरकारनं निवासी शाळा काढली. काढणारा प्रॅट नावाचा लष्करी अधिकारी. राहणं-जेवण फुकट. पण तिथं पाय ठेवला की मुलांचे केस कापायचे, नावं बदलायची आणि आपल्या भाषेत बोलायला बंदी. सरफोजींच्या छत्रातही राजा आपल्या पुण्यासाठी आणि नावासाठीच खर्च करत होता, कबूल. पण तिथं ताटाच्या बदल्यात पोराची भाषा मागितली जात नव्हती. उलट तीच शिकवली जात होती. मला हा फरक लहान वाटत नाही.

या कार्लाइलच्या संघात १९०७ साली फ्रँक माउंट प्लेझंट नावाचा टस्कारोरा जमातीचा तरुण क्वार्टरबॅक होता. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. डाव सुरू होताना चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो स्वतः पळायचं, दुसऱ्याला द्यायचा की लांब फेकायचा, हे पाहायचं काम त्याचं. पुढे फेकायला १९०६ मध्ये नियमानं परवानगी मिळाली, कारण त्याआधी नुसत्या रेटारेटीत मैदानावर पोरं मरत होती आणि खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट यांना त्यात लक्ष घालावं लागलं होतं. माउंट प्लेझंट अंगानं बारीक. रेटारेटीत त्याचा निभाव लागला नसता. पण नव्या नियमानं अशाच खेळाडूचे दिवस आले. पॉप वॉर्नर या प्रशिक्षकानं लांब फेकीचा डाव त्याच्या हातात दिला आणि त्या वर्षी कार्लाइलनं पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाला २६-६ असं हरवलं, हार्वर्डलाही हरवलं. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, हा क्वार्टरबॅक लंडन ऑलिंपिकला गेला आणि लांब उडी आणि तिहेरी उडी, दोन्हींत सहावा आला. हा सहावा नंबर लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रेक्षक या सामन्यांना तोबा गर्दी करायचे. तिकिटाचा पैसा शाळेच्या क्रीडा निधीत जायचा आणि तो निधी कसा खर्च होतो यावरून १९१४ मध्ये अमेरिकन संसदेची चौकशी लागली. ज्यांच्या पायांवर तो पैसा उभा राहिला, त्या पोरांना काय मिळालं? जेवण, कपडे आणि नाव. त्याच शाळेचा जिम थॉर्प १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकून आला. त्यानं आधी कधी तरी उन्हाळ्यात बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते, हे कळल्यावर १९१३ मध्ये त्याची पदकं काढून घेतली. हौशी खेळाडूनं खेळाचा पैसा घ्यायचा नाही, असा नियम. हा नियम करणाऱ्यांच्या घरी संध्याकाळी चूल पेटणार की नाही हा प्रश्न कधी पडलेला नव्हता, एवढंच मी म्हणेन. थॉर्पचं नाव एकटा विजेता म्हणून पुन्हा लिहायला २०२२ साल उजाडलं.

माउंट प्लेझंट शिकला मात्र. १९१० मध्ये त्यानं डिकिन्सन कॉलेजची पदवी घेतली आणि पुढे प्रशिक्षक झाला. १९३७ मध्ये बफेलो शहरात तो वारला.

आता घरी येऊ. कोल्हापूर.

कोल्हापुरात तालमी होत्याच. शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला तो तुम्हाला माहीत आहे. खासबागचं मैदान १९१२ चं. त्याच महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली. खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं तर राहणार कुठं, खाणार काय, हा तोच सरफोजींच्या छत्रातला प्रश्न, शंभर वर्षांनंतर. पण तालीम आणि कॉलेज ही दोन वेगळी जगं होती. तालमीत वस्ताद, लाल माती, जोर-बैठका, बदाम-दूध, आणि मैदान मारलं की इनाम. कॉलेजात पुस्तकं. या दोन्हींत एकाच वेळी वावरणारा पोरगा विरळाच.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, कऱ्हाडला लागून. वडील पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलात शिकले आणि मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. अंगकाठी लहान. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले तेव्हा, हा कसला लढणार म्हणून खेळाच्या शिक्षकांनी त्यांना परत पाठवलं, आणि खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, असं सांगतात. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या पोरानं आपल्यापेक्षा दणकट गडी एकामागून एक लोळवले. त्यांचा आवडता डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळायची आणि त्याचाच जोर वापरून त्याला फेकायचं. लहान चणीच्या पैलवानाला शोभणारा डाव. तिकडे माउंट प्लेझंटची लांब फेक आणि इकडे ही ढाक. दोन्हींत ताकदीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. तोवर त्यांची सगळी कुस्ती मातीतली. लंडनला गादी होती, आंतरराष्ट्रीय नियम होते. मातीत पाय रोवतो, गादीवर तो सरकतो. मातीत कुस्ती चीतपट होईपर्यंत चालते, तिथं घड्याळ आणि गुण. रीस गार्डनर या अमेरिकन मल्लानं त्यांना तिथं शिकवलं. एवढ्या तयारीवर फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. चाळीस वर्षांपूर्वी त्याच शहरात कार्लाइलचा क्वार्टरबॅक सहावा आला होता. योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका. पण एक गोष्ट दोघांना लागू होती. घरून पैसे मिळण्याची सोय दोघांनाही नव्हती.

परत आल्यावर चार वर्षं खाशाबांनी गादीची कुस्ती घोटून घेतली आणि वजन वाढवून बँटमवेट गटात आले. हेलसिंकीच्या निवडीसाठीची राष्ट्रीय स्पर्धा झाली मद्रासला, म्हणजे मी बोलतोय त्या ओरत्तनाडुच्या उत्तरेला, तेव्हाच्या या प्रांताच्या राजधानीत. तिथं एका गुणानं त्यांची संधी हुकली. तो गुण मुद्दाम कमी दिला, अशी खाशाबांची तक्रार होती. साधा पैलवान असता तर गावी जाऊन गप्प बसला असता. हे कॉलेजात शिकलेले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांना खेळाचं वेड आणि त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी पुन्हा लढत लावून दिली आणि खाशाबांनी समोरच्या मल्लाला चीत केलं. मला या प्रसंगात कुस्तीपेक्षा अर्ज जास्त मोठा वाटतो. निकालाविरुद्ध कुठं जायचं, काय मांडायचं, हे ठाऊक असणं ही राजाराम कॉलेजची कमाई.

निवड झाली. आता तिकीट. इथंच आपली आजची गोष्ट अडते. सरकारकडे मागणी केली, हाती काही लागलं नाही. संस्थान विलीन झालं होतं, त्यामुळे १९४८ सारखा राजाचा खजिना मागे नव्हता. स्वातंत्र्य येऊन पाच वर्षं झाली होती. जुना आश्रयदाता गेला होता आणि नवा अजून उभा राहिला नव्हता. त्या फटीत एक पैलवान अडकला होता. गोळेश्वर-कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी काढली. कोणी रोख दिलं, कोणी शिधा. तरी पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार.

घर गहाण टाकणं म्हणजे काय, हे आपल्या घरांत वेगळं सांगायला नको. प्राचार्यांना मिळणार काय होतं? पोरगा पहिल्या फेरीत हरून आला असता तर? या माणसाला घाबरवणारे लोक त्या आठवड्यात किती आले असतील, याची मी कल्पना करतो. अमेरिकेत शाळेनं खेळाडूंकडून पैसा मिळवला. इथं कॉलेजच्या प्रमुखानं आपल्या छपराचा पैसा खेळाडूवर लावला. ओरत्तनाडुला राजा देत होता तेव्हा त्यामागे जमिनीचं उत्पन्न होतं. खर्डेकरांच्या मागे पगार होता.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या पोलिक्वां, मेक्सिकोच्या बसुर्तो, जर्मनीच्या श्मिट्झ यांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी लढत लांबली आणि खाशाबा हरले. इशीनं पुढे सुवर्णपदक घेतलं, त्या ऑलिंपिकमधलं जपानचं एकमेव सुवर्ण. इशीची कुस्ती संपते न संपते तोच सोव्हिएत संघाच्या ममेदबेकोवशी लढायला बोलावलं, मध्ये जी अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी ती मागायला बाजूला एकही भारतीय अधिकारी नव्हता, दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले, ही गोष्ट आजवर सांगितली जाते. ब्राँझपदक हाती आलं, २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक. त्याच ऑलिंपिकमध्ये हॉकीला सुवर्ण मिळालं, देशाचं लक्ष तिकडे. आणखी एक नाव इथं घ्यायला हवं, ते नेहमी राहून जातं: कोल्हापूरचेच केशव माणगावे, वरच्या वजनगटात चौथे. एका पायरीनं पदक गेलं आणि त्याबरोबर नावही.

कऱ्हाड स्टेशनवर खाशाबा उतरले तेव्हा १५१ बैलगाड्या आल्या होत्या. पाव तासाच्या वाटेला सात तास लागले. ढोल, लेझीम, फटाके. हे वर्णन सगळीकडे असतं आणि बहुतेक भाषणं इथं टाळ्या घेऊन थांबतात.

मला यानंतरचे महिने जास्त सांगावेसे वाटतात. गळ्यातले हार उतरल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं. त्यात ते स्वतः लढले, तिकिटाचे पैसे जमा झाले आणि खर्डेकरांचं घर गहाणातून सुटलं. ऑलिंपिक पदक जिंकलेला माणूस गुरूचं कर्ज फेडण्यासाठी पुन्हा मातीत उतरला. यावर मी जास्त बोलत नाही. एवढंच, की हेच थॉर्पनं बेसबॉल खेळून केलं असतं तर त्याचं काय झालं असतं, ते मघाशी आपण पाहिलं.

१९५५ मध्ये खाशाबा पोलिसात उपनिरीक्षक झाले. पोलीस स्पर्धा जिंकल्या, पोरं शिकवली, बढती मात्र रखडली. सत्तावीसेक वर्षांच्या नोकरीनंतर सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून सुरू होते. त्यांना हयातीत तो मिळाला नाही. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. त्यांच्यानंतर दुसरं वैयक्तिक पदक भारताला मिळालं ते १९९६ मध्ये, लिअँडर पेसचं, म्हणजे तब्बल चव्वेचाळीस वर्षांनी. २००० सालचा अर्जुन पुरस्कार मरणोत्तर दिला गेला. २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेच्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं. आता महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात.

आणि गोळेश्वर? तिथं त्यांच्या नावानं कुस्ती संकुल बांधू असं २००९ मध्ये सरकारनं जाहीर केलं होतं. गावातल्या पोरांना गादी, खुराक आणि वस्ताद गावातच मिळावा, कोणाला घर गहाण टाकावं लागू नये, म्हणून. वर्षं गेली, वीट रचली गेली नाही. २०१७ मध्ये खाशाबांच्या कुटुंबानं सांगितलं, की असंच चालणार असेल तर हेलसिंकीचं ते ब्राँझपदक आम्ही लिलावात काढतो आणि त्या पैशात तालीम बांधतो.